वळणावरची हेराल्ड

आमचे घरमालक रोज सकाळी बसला नमस्कार घालतात, अशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इडलीवाल्याची समजूत होती. दृश्यही तसंच होतं. येलहंकाचं जुनं गाव संपून मोठा रस्ता सुरू होतो तिथे एक वळण आहे. त्या वळणावर, बेकरीसमोर, हे सत्तरीपुढचे गृहस्थ पाय फाकून उभे राहत, कॅमेरा डोळ्याला लावत आणि बस आली की कंबरेपासून वरचं सगळं अंग तिच्याबरोबर फिरवत नेत. बस निघून गेल्यावरही ते तसेच पिळलेल्या अवस्थेत तिच्या पाठीकडे बघत राहत. मग सरळ होऊन पुढच्या बसची वाट बघत. कॅमेऱ्यात बहुधा रोल नसायचाच. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "रियाजाला रोल कशाला लागतो?"

मी मूळची साताऱ्याची. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून बंगळुरूला आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. त्यांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं त्याला काही शतकं झाली होती. मराठी त्यांनी घरात सांभाळली होती, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवत असे. जागा बघायला गेले तेव्हा ते म्हणाले, "पाणी स्वल्प जपून वापरायचं. बोअरचं आहे. बाकी सगळं सरी. गाडी कुठली तुमची?" सरी म्हणजे ठीक, हे मी अंदाजाने ताडलं. मी म्हटलं, स्कूटर. "जुनी काय?" "नाही, नवी आहे." "असू दे," असं ते ज्या स्वरात म्हणाले, त्या स्वरात लोक नापास झालेल्या मुलाच्या आईशी बोलतात. गल्लीतली पोरं त्यांना 'कॅमेरा ताता' म्हणायची, म्हणजे कॅमेरावाले आजोबा. मी काका म्हणू लागले.

काकांचं वेड एकच, जुन्या गाड्यांचे आणि जुन्या शर्यतींचे फोटो. सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात नकाशे काढण्यात गेली होती, पण तिच्याबद्दल ते "तिथं पंखा चांगला होता" याच्यापलीकडे काही सांगत नसत. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती.

त्यांची पद्धत ठरलेली. फोटो चालत्या गाडीचाच काढायचा. गाडी ज्या वेगाने जातेय त्याच वेगाने कॅमेरा फिरवायचा आणि फिरता फिरता बटण दाबायचं. जमलं तर गाडी स्वच्छ येते आणि मागची झाडं, माणसं, कुंपण यांच्या नुसत्या आडव्या रेघा होतात. हात मध्येच थांबला तर उलटं होतं, कुंपण लख्ख आणि गाडीचा नुसता फराटा. हे त्यांनी मला टेबलावर कॉफीचे पेले सरकवून समजावून सांगितलं होतं, आणि सांडलेली कॉफी काकूंनी पुसली होती.

"उभी गाडी म्हणजे कपाट," असं त्यांचं मत. थंडीच्या दिवसांत शहरातले हौशी लोक मोठ्या हॉटेलांच्या हिरवळीवर आपल्या जुन्या गाड्या धुऊनपुसून मांडतात. शेकडो लोक त्यांच्याबरोबर सेल्फी घेतात. काका आत जातच नसत. ते फाटकाबाहेर उन्हात, गाड्या परत निघण्याची वाट बघत उभे राहत. एकदा मी बरोबर होते. एका बिल्डरची लांबलचक निळी गाडी ट्रकवरून आणली होती आणि ट्रकवरूनच परत चालली होती. त्याने काकांना ओळखलं, ट्रक थांबवला आणि फार अजिजीने म्हणाला, "ताता, हिचा एक फोटो काढा ना." काका म्हणाले, "ट्रकचा काढतो की. तो चालतोय." त्यांनी खरोखरच ट्रकचा काढला.

येलहंकात विमानांचं प्रदर्शन भरतं तेव्हा सगळं शहर आमच्याकडे लोटतं. गच्च्या फुलून जातात. आमच्या गच्चीवर माझ्या ऑफिसातली अर्धी मंडळी दुर्बिणी घेऊन आली होती. डोक्यावरून विमानं उलटीसुलटी होऊन जात होती, आणि काका खाली रस्त्यावर आकाशाकडे पाठ करून उभे होते. त्या गर्दीत कोणीतरी जुनी अँबॅसडर घेऊन आलं होतं. तिचा इंचाइंचाने चाललेला प्रवास ते टिपत होते. विमानांचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "त्यांना रस्ता नसतो."

हाच नियम घरातल्या माणसांनाही लागू होता. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. ही मुलगी व्हाइटफील्डला असते आणि अजून त्या अल्बमवर रागावलेली आहे. त्यात नवरी कुठेही बसलेली नाही. ती मांडवाकडे चाललीय, मांडवातून चाललीय, जेवणाच्या पंगतीतून चाललीय, आणि तिच्या मागे सगळे नातेवाईक रेघांच्या रूपात हजर आहेत. फोटो कुणाचाही दाखवा, काका दोनच शेरे देत, 'आलाय' किंवा 'हललाय'. माझ्या भावाच्या लग्नातला फोटो मी मोठ्या हौसेने फोनवर दाखवला तर म्हणाले, "नवरा आलाय. नवरी हललीय." त्यांनी कुणाचं मन राखण्यासाठी हललेल्याला आलेला म्हटलं असं मी कधी ऐकलं नाही. मला याचा सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण घरातली गाडी त्या चालवत. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, सुती साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. मागच्या शेडमध्ये त्यांची मलईच्या रंगाची जुनी हेराल्ड मोटार होती. बाजाराला, लग्नाला, बँकेत त्या तीच घेऊन जात. काका मागच्या सीटवर बसत, पुढे कधीच नाही. नवख्या माणसाला वाटायचं की म्हाताऱ्याने बाई ड्रायव्हर ठेवली आहे. काकूंना या समजुतीची मजा वाटायची. एकदा एका लग्नाच्या हॉलबाहेर कुणी त्यांना ड्रायव्हरांच्या पंगतीला बसवलं, तर तिथे बसून पोटभर जेवून आल्या आणि म्हणाल्या, "आतल्यापेक्षा गरम होतं."

काकूंच्या वडलांचं बसवनगुडीत मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. गाडी त्या तिथेच शिकल्या. त्या काळी गावाबाहेरच्या बंद धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. वळणांवर रिकामी पिंपं आणि गवताचे भारे ठेवलेले असायचे आणि शेवटी बायकांचीही एक शर्यत असायची. काकू तिच्यात हेराल्ड घेऊन उतरत. काका तिथे फोटो काढायला येत. तिथेच जमलं, असं काकू सांगत.

त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर त्या शर्यतींचे फोटो होते. गॅरेजात घडवलेल्या एका सीटच्या गाड्या, दात विचकलेले ड्रायव्हर, उडणारी धूळ. सगळ्या गाड्या स्वच्छ, मागे सगळ्या रेघा. त्यात काकू कुठेच नव्हत्या. मी विचारलं. काकू पदराला हात पुसत उठल्या आणि कपाटातून फोटोंची चवड घेऊन आल्या. प्रत्येक फोटोत पिंपं लख्ख, गवताची काडी न् काडी मोजून घ्यावी अशी, आणि मधोमध मलईच्या रंगाचा एक फराटा. "ही मी," काकू बोट ठेवून म्हणाल्या. "ही पण मी. हे हिरवं दिसतंय ते पातळ आहे." मी हसत सुटले. काका उठले आणि बसला नमस्कार घालायला निघून गेले.

मग काकूंनी कारण सांगितलं. हेराल्ड जोरात वळवली की तिचं मागचं चाक आतल्या बाजूला दुमडतं आणि गाडी आता कुशीवर झोपणार असं वाटतं. झोपत नाही, चालवणाऱ्याला ते माहीत असतं. बघणाऱ्याला माहीत नसतं. "तिथं यांचे डोळे मिटतात. डोळे मिटले की हात थांबतो. बटण मात्र दाबतात," काकू म्हणाल्या. "बाकी साऱ्यांचे फोटो आले. दुसऱ्यांच्या बायकांचे पण आले. माझाच एक नाही." त्या हे हसत सांगत होत्या, पण चवड परत ठेवताना त्यांचं हसू संपलं होतं. "एक तरी बघायचाय गं. वळणावरचा. यांनी काढलेला."

त्यानंतर वर्षभरात काकूंच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबेलच असं नाही. सध्या दिवसा गाडी चालवायला हरकत नाही, पुढच्या वर्षी विचारू नका. काकूंनी हे आम्हाला उप्पीट वाढता वाढता सांगितलं, आणि त्याच दमात पुढचं सांगितलं. शहराबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जानेवारीत जुन्या गाड्या येणार होत्या. सकाळी शर्यती, दुपारी हौशी लोकांना आपापल्या गाड्या घेऊन संथ फेऱ्या. "मी नाव दिलंय," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही वळणावर उभं राहायचं. दिसतंय तोवर बघून घेते." काका उप्पिटाकडे बघत "सरी" म्हणाले.

त्यानंतर काकांचा रियाज दुप्पट झाला. सकाळच्या बस झाल्या, संध्याकाळच्याही झाल्या. एका रविवारी त्यांनी मला स्कूटर घेऊन वळणावर बोलावलं आणि होईल तितकी आडवी करून वळव म्हणाले. मी जीव मुठीत धरून तसं केलं. "डोळे उघडे राहिले," ते समाधानाने म्हणाले. मी म्हटलं, मग झालं तर. त्यांनी जरा विचार केला. "तुझ्या वेळी काही वाटतच नाही मा," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि स्कूटर घरी नेली.

ट्रॅकवर आम्ही तिघं हेराल्डमधूनच गेलो. काकूंच्या शेजारी मी, मागे काका आणि कॅमेऱ्याची पिशवी. हवेत गारठा होता. वडा-सांबाराच्या टपरीजवळ म्हातारे ड्रायव्हर एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. सकाळच्या शर्यतींत काका कुंपणापाशी आरामात उभे होते. शेजारची तरुण मंडळी लांब नळीच्या कॅमेऱ्यांतून टरटर शंभर फोटो काढत, काका त्या वेळात एक काढत. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जेवणानंतर त्यांनी नवा रोल घातला, आणि तेव्हा मला दिसलं की रोलचं टोक त्यांच्याकडून खाचेत बसत नाहीये. ते मी बसवून दिलं.

काकूंना कुणाचं तरी मोठं हेल्मेट मिळालं होतं. पहिली फेरी नियमाप्रमाणे संथ झाली. वळणावरून जाताना त्यांनी आमच्याकडे बघून हात केला. काकांनी कॅमेरा उचललाच नाही. "आता हळू आहे," ते म्हणाले. दुसऱ्या फेरीला हेराल्डचा आवाज लांबूनच वेगळा आला. पुढच्या गाडीपासून काकूंनी मुद्दाम अंतर पडू दिलं होतं आणि आता ते अंतर त्या एका दमात भरून काढत होत्या. टायर ओरडले. गाडी वळणात शिरली, मागचं चाक आत दुमडलं, मलईच्या रंगाचा तो सगळा डोलारा एका बाजूला कलला, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. मला फक्त शेजारी एक खट्ट असा आवाज ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा हेराल्ड सरळ रस्त्याला लागली होती आणि काका पिळलेल्या अवस्थेत तिच्या पाठीकडे बघत होते. "आला?" मी विचारलं. "रोल धुतल्यावर कळेल," ते म्हणाले.

तिथल्या अधिकाऱ्याने काकूंना चांगलंच झापलं. काकूंनी सॉरी म्हटलं, पण सॉरी म्हणतानाचा चेहरा तो नव्हता. परतीच्या वाटेवर आरशातून मागे बघत त्यांनी विचारलं, "उघडे होते काय?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला आठवत नाही." ते खरंच बोलत असावेत.

संध्याकाळपर्यंत त्या तरुण मंडळींचे फोटो फोनवर आले. त्यांतल्या एकाने काकूंचा त्याच वळणावरचा, अगदी स्पष्ट फोटो पाठवला होता. मी धावत खाली गेले. काकूंनी फोन जवळ धरून, लांब धरून बघितला. "छान आहे की," त्या म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. "पण हे यांनी नाही काढलेलं."

राहिला काकांचा रोल. त्यातल्या पहिल्याच चौकटीवर तो फोटो होता, पुढचा सगळा रोल कोरा. पूर्वी काका घरीच रोल धूत, पण बोअरच्या पाण्याने निगेटिव्हवर पांढरे डाग पडायला लागल्यापासून ते मल्लेश्वरमच्या एका दुकानात देत. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपला, रोल कॅमेऱ्यातच. इडलीवाल्याने मला विचारलं, ताता हल्ली बसला नमस्कार का घालत नाहीत. रोल घातलेल्या कॅमेऱ्याने रियाज करता येत नाही, आणि नवे फोटोही ते काढत नव्हते. मी म्हटलं, काका, रोल द्या, मी आज मल्लेश्वरमला चाललेय. ते म्हणाले, "संपला नाही अजून. अर्धा रोल धुवायला देत नाहीत."

"कोण देत नाही?"

"आमच्यात नाही देत," ते म्हणाले. जसं काही हे त्यांच्या कुळाचं व्रत होतं. मला संताप आला. त्यांना रोलची काळजी नव्हती, त्यात काय निघेल याची भीती वाटत होती, आणि तिकडे काकूंची नजर कुणाची वाट बघत बसलेली नव्हती. मी हे सगळं त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला अडकवली.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी खाली कॉफीला गेले. काकूंनी माझ्याकडे बघून मान जरा तिरकी केली. "तुझे कान दिसतात. कानातलं दिसतंय, नवीन आहे नव्हे?" त्या म्हणाल्या. "तोंड कुठं गेलं?" मला वाटलं गंमत करतायत. तर त्या हात पुढे करून माझ्या नाकाची जागा शोधत होत्या. रात्रीत मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. काकांनी हातातला पेला खाली ठेवला. खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायात चपला न घालता वळणावर गेले. जी बस येईल, जी रिक्षा येईल, तिच्यावर त्यांनी तो रोल संपवला, आणि तसेच अनवाणी रिक्षाने मल्लेश्वरमला गेले. दरम्यान मी काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उरलेलं टिकवू. गेलेलं येणार नाही.

पुढच्या आठवड्यात काका फोटो घेऊन आले. दुकानात ते बघायला धजावले नव्हते. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी गठ्ठ्यातला पहिला फोटो पालथाच काढला आणि पालथाच त्यांच्या हातात दिला. "आधी तू," ते म्हणाले. मला ते फार क्रूर वाटलं. काकूंना काय दिसणार होतं? आणि त्यांनी विचारलं तर हा माणूस 'हललाय' म्हणून मोकळा होणार, हे मला ठाऊक होतं. मी काहीतरी बोलायला पुढे झाले. काकूंनी हातानेच मला थांबवलं.

त्यांनी फोटो उलटला, समोर धरला. "मध्ये नुसतं धुकं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोटो हळूहळू एका बाजूला नेला, मान दुसरीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची फक्त कड बघितली. वरची कड बघितली. मग दुसऱ्या बाजूची. बराच वेळ त्या अशा कडा बघत होत्या. काका दारापाशीच उभे होते, आत येईनात.

"झाडांच्या रेघा झाल्यात," काकू म्हणाल्या.

त्यांनी फोटो वर उचलून खालची कड बघितली.

"कुंपण पण सगळं वाहून गेलंय. एक खांब उभा नाही." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "म्हणजे हात थांबला नाही. डोळे उघडे होते तुमचे."

काका आत आले आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. काकूंनी फोटो त्यांच्याकडे दिला. "आता मध्ये काय आहे ते सांगा," त्या म्हणाल्या.

काकांनी फोटो बघितला. मला वाटलं, आता 'आलाय' म्हणतील आणि उठतील. ते म्हणाले, "हेल्मेट भुवयांवर आलंय. चष्मा नाकावर घसरलाय. पदर खोचलेला आहे. ओठ दाताखाली धरलायस." त्यांनी फोटो जवळ धरला. "मागचं चाक आत गेलंय. भीती नाही वाटत तुला."

"आणि?"

"माझ्याकडे बघत नाहीस."

"वळणावर फोटोवाल्याकडे बघायचं नसतं," काकू म्हणाल्या. "पुढं बघायचं असतं."